बिल पास होईपर्यंत बी बंद

थंडी ओसरून दुपारचं ऊन चावायला लागलं की पिंपळवंडीच्या आमच्या शिवारात डेंगळे फुलतात. निवडून ठेवलेला कांदा बियाण्यासाठी पुन्हा मातीत लावला की त्याला कमरेएवढे पोकळ दांडे येतात, ते डेंगळे. दांड्याच्या टोकाला बारीक पांढऱ्या फुलांचा चेंडूएवढा गोंडा. लांबून बघितलं तर टोप्या घालून एखादी सभा उभी आहे असं वाटतं. जवळ गेलं की सभा बोलायला लागते. मधमाश्यांचा तो एकसुरी, पोटातून आल्यासारखा आवाज. वास निम्मा मधाचा आणि निम्मा भजीच्या गाडीचा.

फुलं बघून माणसाला तरुणपण आठवावं, एखादी व्यक्ती आठवावी, गेलाबाजार देव तरी आठवावा. मला संसदेची संयुक्त समिती आठवते. यंदाही आठवली. बांधावर उभा राहून मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होतो, तर बायको म्हणाली, "झालं का सुरू? फुलं आली की ह्यांचं अधिवेशन." तिला आता सवय झाली आहे. मला मात्र अजून झालेली नाही. एखाद्या गोष्टीचा राग किती वर्षं टिकावा याला काही मर्यादा असते. आमचा कांदा बराखीत, म्हणजे साठवणीच्या चाळीत, दिवाळीपर्यंत टिकायचा आणि लोक त्याचं कौतुक करायचे. माझा राग त्याहून टिकाऊ निघाला, त्याचं कौतुक कुणी करत नाही.

मी शाळामास्तर. विषय इतिहास आणि त्याच्या शेपटाला बांधलेलं नागरिकशास्त्र. परीक्षेला एक प्रश्न हमखास यायचा: विधेयकाचे कायद्यात रूपांतर कसे होते? मी फळ्यावर चौकटी काढायचो. पहिलं वाचन, म्हणजे विधेयक सभागृहात मांडलं. दुसरं वाचन, म्हणजे कलमवार चर्चा. मध्ये हवं तर समितीकडे फेरी. तिसरं वाचन आणि मतदान. मग बाण दुसऱ्या सभागृहाकडे, तिथं पुन्हा तोच फेरा. शेवटची चौकट राष्ट्रपतींच्या सहीची. तिला मी रंगीत खडूनं दुहेरी रेघ मारायचो आणि हात झटकून म्हणायचो, "झाला कायदा!" पोरं वहीत उतरवून घ्यायची. पुस्तकातही त्यापुढं स्वाध्याय सुरू व्हायचा. सहीनंतर काही असतं ही शंका ना पुस्तकाला आली, ना मला, ना पोरांना. पोरांचं एक वेळ ठीक आहे, त्यांना घंटेची घाई असायची.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. शेती त्यांची, गप्पा माझ्या, अशी आमच्या घरात वाटणी होती. आमच्या घराण्याचा एक कांदा होता. फिकट गुलाबी, बारीक मानेचा, साल अशी घट्ट की पिशवीत घालून हलवला तर गोट्यांसारखा वाजायचा. माझ्या पणज्यानं कधीतरी निवडायला सुरुवात केली, मग आजोबांनी, मग तात्यांनी. काढणीच्या वेळी एकदा, बराखीत भरताना एकदा आणि पुन्हा लावायच्या आधी एकदा, असा तात्या तो कांदा हातात घेऊन फिरवायचे. जाड मानेचा गेला, जोडकांदा गेला, रंगानं उतरलेला गेला. उरेल तो बियाण्याला.

आणि त्या बियाण्याचा एक रिवाज होता. पाडव्यानंतर गोंडे वाळले की ते खुडून, झोडपून, उफणून काळंभोर बी निघायचं. ते पत्र्याच्या डब्यात भरून डबा ओसरीवर ठेवायचा. ज्याला हवं त्यानं यावं, मापटं भरून न्यावं. पैसे नाहीत. कुणी लागणीला दोन दिवस येऊन जायचं, कुणी घरची काकवी आणून द्यायचं, कुणी नुसतं "राम राम तात्या" म्हणून जायचं, तेही चालायचं. पहिलं माप मात्र ताराआत्याचं. ती तात्यांची थोरली बहीण, शेजारच्या आंबेगाव तालुक्यात अवसरी बुद्रुकला दिलेली. चैत्रात गावच्या यात्रेला ती माहेरी आली की परत जाताना तिच्या पिशवीत साडीच्या घडीत बियाण्याची पुरचुंडी असायचीच. तिच्या लग्नाच्या वर्षापासून असायची.

त्यामुळं आमच्या शिवारात पांढऱ्या डेंगळ्यांचा वाफा एकच, आमचा. इतरांना गरजच नव्हती. बी फुकट मिळतंय म्हटल्यावर स्वतःचा वाफा कोण अडकवून ठेवील? हे मी इथं मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं ह्यावरूनच बिनसलं आणि तेव्हा ते आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

नव्वदच्या दशकात बियाण्याविषयी नाना अफवा फिरत होत्या. परदेशाशी करार झालाय, आता घरचं बी ठेवलं तर गुन्हा, कंपनीचा माणूस येऊन बराख तपासणार. आळेफाट्याच्या स्टॅंडवर चहा प्यायला गेलं की दर वेळी एक नवी भीती मिळायची. ते दशक सरता सरता पेपरात बातमी आली की पिकांचे वाण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांच्या संरक्षणाचं विधेयक लोकसभेत मांडलं. तात्या पेपराची घडी काखेत मारून माझ्याकडं आले.

"मास्तर, ह्यात आपला कांदा बसतो का?"

मी बातमी वाचली. शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येणार, असं त्यात होतं. "बसतो की," मी म्हणालो. "तुमच्या नावानं नोंद होईल."

"माझ्या नावानं?"

"घराण्याच्या नावानं म्हणा."

तात्यांनी पेपर माझ्या हातातून परत घेतला आणि जपून त्याची घडी घातली. हा माणूस आयुष्यात कधी कुठल्या सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहिला नाही, नव्या देवळाच्या फरशीवर नाव कोरून घेतलं नाही. पण ह्या कांद्याचं नाव कुठंतरी लिहिलं जावं, हे त्या दिवशी त्यांच्या मनात जे बसलं ते बसलं. मग हळूच म्हणाले, "आन् कायदा व्हायच्या आदी कुना कंपनीनं नेऊन आपल्याच नावावं केला तर?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पण उत्तर नसलं म्हणून मास्तर गप्प बसतो असं नाही. मी त्यांना बराखीच्या दारावर खडूनं चौकटी काढून दाखवल्या. पहिलं वाचन, दुसरं वाचन, बाण, सही. तात्यांनी ते सगळं नीट बघून घेतलं आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं: बिल पास होईपर्यंत बी बंद.

पत्र्याचा डबा ते जुन्नरला घेऊन गेले. तिथं युनूसभाईंचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. आमचे सगळे डबे, कणग्या, पाट्या त्यांच्याच हातच्या. मी बरोबर होतो. तात्या म्हणाले, "ह्याला कडी-कोयंडा बसवा."

युनूसभाईंनी डबा उघडून बघितला. "तात्या, यात तर बियाणं ठेवता ना तुम्ही?"

"हां."

"बियाण्याला कुलूप?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सर, असा काही नवीन नियम निघाला का?"

"निघतोय," मी म्हणालो. "लोकसभेत आहे."

"अच्छा. मग कोयंडा जरा मजबूत लावतो. तिथनं निघायला वेळ लागतो."

तेव्हा मी हसलो होतो.

त्या चैत्रात यात्रेला ताराआत्या आली. पुरणपोळ्या झाल्या, तमाशाची चर्चा झाली, निघायच्या वेळी तिनं सवयीनं पिशवीचं तोंड उघडून धरलं. तात्या पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाले, "अक्का, या वर्षी न्हाई. बिल पास होऊ दे."

"कसलं बिल? लायटीचं?"

मी पुढं होऊन समजावायला गेलो. लोकसभा, राज्यसभा, समिती. आत्यानं शांतपणे ऐकलं आणि पिशवीचं तोंड बंद केलं. "म्हंजे माज्या माहेरचं बी आता दिल्लीवरनं यायचं म्हन." मग तात्यांकडं वळून म्हणाली, "पास झालं की सांगावा धाड. तवर मी न्हाई यायची."

आणि ती खरंच आली नाही. पुढच्या यात्रेला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. वर्षातून एकदा खुशालीचं पोस्टकार्ड यायचं, त्यात सगळ्यांची चौकशी असायची, बियाण्याचं अक्षर नसायचं.

विधेयक गेलं दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडं. समितीकडं जाणं म्हणजे काय हे मी शाळेत एका वाक्यात उरकायचो: "समिती विधेयकाचा सखोल अभ्यास करते." तात्यांना एक वाक्य पुरेना. सकाळी दूध घालायला जाताना ते माझ्या खिडकीवर टकटक करायचे. "आली का समिती भायेर?" जसं काही समिती विहिरीत उतरली आहे. मी पेपर चाळून म्हणायचो, नाही. संध्याकाळी रेडिओच्या बातम्या. हिवाळी अधिवेशन, अर्थसंकल्पी अधिवेशन, पावसाळी अधिवेशन. आम्हाला हंगाम माहीत होते दोन-तीन, त्यात ह्या तीन हंगामांची भर पडली, आणि ह्या हंगामांत दर वेळी एकच पीक यायचं: गदारोळामुळे कामकाज दिवसभरासाठी तहकूब. तात्या रेडिओकडं असे बघायचे की जणू निवेदकानंच तहकूब केलंय.

"मास्तर, हे लोक रोज जमत्यात, वरडत्यात आन् उठून जात्यात. त्यांना कोन बोलत न्हाई का?"

"अध्यक्ष बोलतात."

"काय बोलत्यात?"

"खाली बसा म्हणतात."

"मग?"

"मग बसत नाहीत."

तात्यांनी रेडिओ बंद केला. त्यांना जे कळत नव्हतं ते मलाही कळत नव्हतं, पण मी पगार घेऊन ते शिकवत होतो. फळ्यावर बाण किती सरळ काढायचो मी! एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत, पट्टी लावून. त्या बाणाच्या पोटात किती पावसाळे मावतात हे खडूला काय कळणार.

आणि कांद्याचं बी थांबत नाही. ज्वारी डब्यात ठेवली तर पुढं केव्हाही पेरता येते. कांद्याचं बी एक हंगाम धीर धरतं, मग निम्मं उगवतं, मग उगवतच नाही. म्हणून तात्यांना दर साली कांदा निवडावा लागायचा, लावावा लागायचा, डेंगळे करावे लागायचे, बी काढावं लागायचं. आपल्याला लागेल तेवढं पेरून बाकीचं कुलपात. पुढच्या वर्षी कुलपातलं अर्धमेलं बी ते उकिरड्यावर ओतायचे आणि डबा नव्यानं भरायचे. गावातली माणसं आधी आली, मग कमी आली. भिमा, आमचा बांधाला बांध असलेला शेजारी, लहानपणापासून तात्यांच्या खांद्यावर हात टाकून बोलणारा, तो शेवटपर्यंत आला. "तात्या, मला तरी द्या राव. मी काय कंपनी हाये का?"

"कायदा हुंदे, भिमा. मग सगळ्यांना देतो."

"तवर मी काय लावू?"

तात्यांनी डब्याचं कुलूप ओढून बघितलं. भिमानं मंचरहून कंपनीच्या बियाण्याचं पाकीट आणलं.

एका पावसाळ्यात, आम्ही आशा सोडून दिली असताना, लोकसभेनं विधेयक संमत केलं. तात्यांनी पेढे वाटले. मी म्हणालो, "थांबा, अजून राज्यसभा आहे." ते म्हणाले, "मास्तर, तू जरा गप." मग राज्यसभेचंही झालं. तात्यांनी पुन्हा पेढे वाटले. दिवाळीच्या तोंडावर राष्ट्रपतींची सही झाल्याची एवढीशी बातमी आतल्या पानावर आली. ह्या वेळी पेढे मी आणले. बराखीच्या दारावरच्या शेवटच्या चौकटीला मी दुहेरी रेघ मारली आणि अगदी वर्गात म्हणतो तसं म्हणालो, "झाला कायदा!"

मला जो हंगाम आठवतो तो त्याच्या नंतरचा. त्या फाल्गुनात फूल असं आलं होतं की रस्त्यानं जाणारी एसटी थांबून बघेल. तात्या रोज सकाळी वाफ्याच्या कडेला उभे राहायचे, टोपी काढून मांडीवर झटकायचे, पुन्हा घालायचे. नोंदणी कुठं करायची ते मी शोधत होतो. एक दिवस ते मला हाताला धरून घेऊन गेले आणि बोट केलं. बांधापलीकडं भिमाच्या रानात पांढरा वाफा. तसाच, टोप्या घातलेला. पाकिटाच्या कांद्यातून निवडून त्यानंही बियाण्याला लावला होता. दर साली पाकीट कोण आणणार?

बांधावरची हवा मधमाश्यांनी जड झाली होती. त्या भिमाच्या गोंड्यावरून उठायच्या, बांध ओलांडायच्या आणि आमच्या गोंड्यावर बसायच्या. पायाला परागाची पिवळी धूळ. उठायच्या, पुन्हा पलीकडं. मी जन्मात कधी इतक्या जणांना इतक्या शिस्तीनं ये-जा करताना बघितलं नाही, आणि तात्यांचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

"भिमा!" ते ओरडले. "ते डेंगळं मोड!"

भिमा पिकाला पाण्याचं बारं धरून उभा होता. खोऱ्यावर हनुवटी टेकवून म्हणाला, "का मोडू?"

"माझं बी बाटतंय!"

"तुमचं बी मला दावलंत तरी का तीन वर्सं? मी माझ्या रानात माझं लावलंय."

"माश्या येत्यात इकडं!"

"मग माश्यांना सांगा की. त्यांना म्हनावं, कायदा झालाय."

माझ्याकडं बघून तो असं काही हसला की मला माझ्या वर्गातला मागचा बाक आठवला. तात्या खाली वाकले, ढेकूळ उचललं, आणि ते ढेकूळ हातातच चुरत उभे राहिले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. बांध एक, विहिरीची वाट एक, आणि दोन म्हातारे एकमेकांना बघून खोकायचे.

त्या बियाण्याचा कांदा पुढच्या उन्हाळ्यात निघाला. ढिगात हात घातला की तीन रंगांचे कांदे हाताला यायचे. कुणी लालभडक, कुणी जाड मानेचा, कुणी जोड. तात्या ढिगासमोर उकिडवे बसून फिरवायचे, टाकायचे, फिरवायचे, टाकायचे. शेवटी टाकलेल्यांचा ढीग मोठा झाला. त्यातल्या चांगल्याचे पुन्हा डेंगळे केले, पुन्हा बांधावरून माश्या आल्या. पिशवीत घालून हलवल्यावर तो गोट्यांचा आवाज येईना. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की आपण बी वाटतो हा आपला मोठेपणा. तसं काही नव्हतं. ते कुंपण होतं. सगळ्यांकडं आमचंच बी, म्हणून दुसरं फूलच शिवारात नव्हतं. तात्यांनी बी राखायला कुलूप लावलं आणि कुंपणच काढून टाकलं.

मी म्हणालो, काळजी करू नका, आता कायदा आहे. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एका कचेरीत जाऊन चौकशी केली. तिथल्या बाबूंनी माझं सगळं ऐकून घेतलं, चहा सांगितला, आणि म्हणाले, "सर, कायदा झालाय. पण लागू नाही झाला."

"म्हणजे?"

"लागू करायची तारीख सरकार अधिसूचनेनं ठरवतं. ती निघाली नाही अजून." माझं तोंड बघून त्यांना दया आली असावी. "असं समजा, लग्न लागलंय, पण नवरी नांदायला आलेली नाही."

"मी नागरिकशास्त्र शिकवतो हो," मी म्हणालो.

"मग तुम्हाला माहीतच असेल."

मला माहीत नव्हतं. शाळेत परत आल्यावर मी फळ्यावर सहीच्या पुढं आणखी एक चौकट काढली. एका पोरानं विचारलं, "सर, हे पुस्तकात नाही. परीक्षेला येईल का?" मी म्हणालो, परीक्षेला येणार नाही, आयुष्यात येईल. वर्ग हसला. त्या चौकटीत काय लिहावं हे मलाच सुचेना म्हणून ती रिकामीच राहिली.

अधिसूचना यायला वर्षं गेली. ती तुकड्यातुकड्यानं आली. मग कार्यालय उघडलं, मग नियम झाले, मग नोंदणी सुरू झाली, पण आधी ठरावीक पिकांची. मी ती यादी तात्यांना वाचून दाखवली. भात आहे. गहू आहे. बाजरी आहे. तूर आहे. तात्या प्रत्येक नावाला मान हलवत होते. हरभरा आहे, मूग आहे.

"कांदा?"

"कांदा पुढच्या टप्प्यात."

"पुडचा टप्पा कवा?"

मी यादीचं मागचं पान उलटून बघितलं. तात्या म्हणाले, "आला असता तरी काय दिलं असतं त्यांना? आपला कांदा हाय कुठं आता?" खरंच होतं. नोंदणीला वाण वेगळा दिसावा लागतो, सगळे कांदे एकसारखे निघावे लागतात, आणि पुढच्या पिढीत तसेच राहावे लागतात. आमच्या बराखीत आता भेळ होती.

पुण्याहून आणलेली कायद्याची पुस्तिका माझ्या पिशवीत होती. तात्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी शेतकऱ्यांच्या हक्कांचं प्रकरण काढलं. चष्मा पुसला. आणि मोठ्यानं वाचत मराठीत सांगायला लागलो. शेतकऱ्याला आपलं बी साठवता येईल, वापरता येईल, पेरता येईल, पुन्हा पेरता येईल. त्याची देवाणघेवाण करता येईल, वाटता येईल, कंपनीसारखा छाप न मारता विकतासुद्धा येईल. कायदा यायच्या आधी जसं करत होता, तसंच.

तात्यांनी हात वर केला. "शेवटचं परत वाच."

मी परत वाचलं.

"आदी जसं करत व्हता, तसंच?"

"हो."

"वाटायचं बी?"

"हो."

"हे आता घातलं त्यात का पयल्यापासनं व्हतं?"

मी इकडंतिकडं बघितलं. "शब्द बदलले असतील. पण घरचं बी द्यायला-घ्यायला मोकळीक विधेयक मांडलं तेव्हापासून होतीच."

तात्या बराखीच्या दाराकडं बघत बसले. खडूच्या चौकटी पावसानं पुसट झाल्या होत्या, पण त्यांच्या हातचं वाक्य अजून वाचता येत होतं. मला वाटलं, आता मला शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या, मला जरा हलकं वाटलं असतं. ते म्हणाले, "मंजे दिल्लीत इतकी वर्सं भांडून त्यांनी हेच ठरवलं, की तात्या जे करत व्हता त्ये बरूबर व्हतं. आन् त्ये ठरस्तवर तात्यानं त्ये बंद ठिवलं."

मग उठले, टोपी झटकली. "चल. अवसरीला."

तशीच एसटी धरली. अवसरीत आत्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा पाडवा होऊन गेला होता, कांद्याची काढणी चालली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ढीग. तात्या एका ढिगापाशी थांबले, एक कांदा उचलला, हातात फिरवला. दुसऱ्याच्या ढिगातला उचलला, फिरवला. फिकट गुलाबी. बारीक मान. तिसऱ्या वावरात एक पोरगी पाती कापत होती. तात्यांनी विचारलं, "कोनता कांदा म्हनायचा हा?"

"ताराबाईचा," ती मान वर न करता म्हणाली.

आत्या ओसरीवर बसून बी पाखडत होती. सूप खाली न ठेवता तिनं भावाकडं बघितलं. केस सगळे पांढरे झाले होते. "झालं का बिल पास?"

"झालं, अक्का."

"बराच येळ लागला." सूप फिरत होतं, काळं बी सुपाच्या टोकाला गोळा होत होतं. "तू न्हाई म्हनलास तवा घरातल्या कांद्याचं डेंगळं केलं मी. आन् गल्लीत सगळ्यांना दिलं. म्हनलं, दुसऱ्यानं दुसरं लावलं तर माजं माहेर बाटंल."

म्हणजे तिला हे पहिल्या वर्षीच कळलं होतं. मी पुस्तिका पिशवीत आणखी खाली सारली.

तात्यांनी उपरणं पसरून पुढं केलं. आत्यानं सुपातलं बी ओंजळीत घेतलं, पण ओंजळ उघडली नाही. "कुनाकुनाला देनार?"

"अक्का..."

"नावं सांग. एका नावाला एक वंजळ."

तात्या सांगायला लागले. वरच्या आळीचा सखाराम. एक ओंजळ पडली. राजुरीचे पाव्हणे, जे दर साली यायचे. दुसरी पडली. शाळेजवळचे, मळ्यातले, विहिरीवरचे. ओंजळी पडत होत्या, उपरण्यात काळी रास वाढत होती. मग तात्या थांबले. आत्याची भरलेली ओंजळ हवेतच राहिली.

"आन्?"

"झाले."

"बांधाला कोन हाये तुज्या?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी छपराकडं बघितलं. आत्याच्या बोटांच्या फटीतून दोन-चार दाणे टपटप खाली पडले, पण तिनं हात हलवला नाही. सुनेनं आतून येऊन पाणी ठेवलं आणि ती तशीच मागं सरकून उभी राहिली.

"भिमा," तात्या म्हणाले.

ओंजळ उघडली.

यंदाच्या अधिवेशनातही कांद्याविषयी काही ऐकू आलं नाही. पुढचा टप्पा अजून पुढंच आहे. मी पेपर बघतो, चिडतो, पेपर घडी करून ठेवतो. आमच्या कांद्याचं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही. आंबेगावात तो ताराबाईचा आहे, जुन्नरात तात्याचा, आणि दोघांच्या मधल्या बाजारात नुसताच गुलाबी. डब्याचा कोयंडा अजून आहे, युनूसभाईंनी खरोखरच मजबूत लावला होता. कुलूप कुठं गेलं माहीत नाही.

पांढरा वाफा मात्र शिवारात एकच आहे. बांधापलीकडं भिमाचा कांदा नुसता हिरवागार, त्याला दांडा येऊ द्यायची त्याला गरज उरलेली नाही. परवा मी असाच उभा होतो, पुटपुटत, तर तो तिकडून ओरडला, "काय मास्तर, बिल कुठवर आलं?"

मी तोंड उघडलं. अधिसूचना, टप्पे, यादी, सगळं जिभेवर आलं. तेवढ्यात आमच्या वाफ्यातून, गोंड्यांच्या आडून, तात्यांचा आवाज आला.

"पाडव्यानंतर ये रं भिमा. मापटं घेऊन ये."